पहिलं माप सरकारचं, शेवटचं पिणाऱ्याचं

काजूच्या हंगामात भट्टीवर डोकावलेल्या गोंयकाराला 'ग्राव' सांगावा लागत नाही. बुडाशी जड आणि वर बारीक दांडी असलेली काचेची नळी फेणीत सोडायची, ती कुठवर बुडते ते वाचायचं. हुर्राक पंधराच्या आसपास, फेणी 19-20. हे मूळचं कार्टिए नावाचं जुनं फ्रेंच माप. पोर्तुगीज अमलात आपल्याकडे रुजलं. गंमत म्हणजे साधं पाणीसुद्धा त्यावर दहा-अकरा दाखवतं!

आता चोर्ला घाट चढून बेळगावात या. नळी तीच, काम उलटं. संकेश्वर, निपाणी, उगार या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत ती उसाच्या रसात तरंगते आणि 'ब्रिक्स' सांगते. 18 ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात विरघळलेला ऐवज 18 ग्रॅम, त्यात बहुतेक साखरच. साखरेनं रस जड होतो, नळी वर येते. मद्यार्क पाण्याहून हलका, त्यात ती खाली जाते.

मग ज्यात दोन्ही आहेत त्या बिअरचं काय? एक वर ढकलणार, दुसरा खाली ओढणार. एकाच वाचनावरून काहीच कळत नाही. म्हणून घरी बिअर करणारे दोनदा मोजतात: यीस्ट घालण्यापूर्वी आणि आंबणं संपल्यावर. समजा आधी 1.050 आणि शेवटी 1.010 आलं. फरक 0.040; त्याला 131 नं गुणलं की सुमारे सव्वापाच टक्के मद्यार्क.

सरकारांचा जीव मात्र पहिल्या आकड्यात. ब्रिटनमध्ये 1816 च्या कायद्यानं दारूसाठी साइक्सची नळी ठरली. 'प्रूफ'चं ते माप पुढं मुंबई इलाख्याच्या अबकारीत, म्हणजे बेळगावातही आलं. बिअरसाठी ग्लॅडस्टननं 1880 मध्ये आंबण्यापूर्वीच्या घनतेवर कर बसवला. पुढं त्या पिंपाचं काय होतं, याची खजिन्याला फिकीर नव्हती. ती पद्धत तिथं 1993 पर्यंत टिकली, मग कर प्रत्यक्ष मद्यार्कावर आला.

1950 मध्ये मुंबई राज्यात दारूबंदी आली. बेळगाव-निपाणी 1956 पर्यंत त्याच राज्यात होतं. म्हणजे घाटाखाली पोर्तुगीज अमलात ग्राव राजरोस चालू, आणि घाटावर मात्र दारू चोरून गाळायची. चोरट्या धंद्यात कसली नळी आणि कसलं माप!

शेवटचा आकडा खरा पिणाऱ्याच्या कामाचा. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं नव्हे. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं मोजून आकडा तोच आला, तरच बाटल्या भरायच्या. घाई केली तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहते, वायूला वाट मिळत नाही आणि बाटली फुटते. काचा उडून डोळे जाऊ शकतात. आणि हो, मोजण्यापूर्वी नमुन्यातला वायू ढवळून घालवा; नळीला चिकटलेले बुडबुडे तिला उचलतात आणि आकडा खोटा येतो.