सपाट साट्याची मालमोटार
सपाट साट्याची मालमोटार : चालककक्षाच्या मागे बाजूच्या फळ्या नसलेला सपाट तळ (साटा) बसविलेले मालवाहू वाहन. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शेतकरी, बांधकाम कंत्राटदार इ. व्यावसायिक या मालमोटारीचा उपयोग माल वाहण्यासाठी व शिवाय ट्रेलर ओढण्यासाठीही करतात. या दोन कामांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. मालाच्या दृष्टीने साटा जितका लांब तितका सोयीचा. ओढण्याच्या दृष्टीने मात्र तो मागील आसापलीकडे जितका कमी निघेल तितका चांगला.

फोर्ड कंपनीने १९१७ मध्ये एक टनी ‘मॉडेल टीटी’ मालमोटार बाजारात आणली. ‘मॉडेल टी’ मोटारगाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर (आसांतर) २.५४ मी. होते, ते येथे ३.१५ मी. करण्यात आले. सुरुवातीस ही गाडी केवळ सांगाड्याच्या स्वरूपात विकली जाई व साटा अन्य कारागिरांकडून बसवून घ्यावा लागे. सांगाडा एकाचा व साटा दुसऱ्याचा, ही विभागणी या व्यवसायात अद्यापि टिकून आहे आणि लांबीविषयीच्या बहुतेक चुकांचे मूळही तीत आहे.

ओढण्याचा उपाय तत्पूर्वीच पुढे आला होता. डिट्रॉइट येथील लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांनी १९१४ मध्ये सिब्ली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याची नाव वाहून नेण्यासाठी मॉडेल टी गाडीला जोडावयाचा अर्ध-ट्रेलर बनविला. पुढे त्याच व्यापाऱ्याने लाकूड वाहण्यासाठीही तसे ट्रेलर करून घेतले. अर्ध-ट्रेलरचा पुढील भार ओढणाऱ्या गाडीवर टेकतो. म्हणून तो नेमका कोठे टेकतो यास महत्त्व प्राप्त झाले.

साट्याची लांबी ठरविताना प्रथम चालककक्षाच्या मागील भिंतीपासून मागील आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर पाहतात. अमेरिकन सांगाड्यांत ६० इंच (१.५२ मी.) व ८४ इंच (२.१३ मी.) ही अंतरे रूढ आहेत. पहिल्यावर सुमारे ९ फुटी (२.७ मी.), तर दुसऱ्यावर ११ ते १२ फुटी साटा बसवितात. वरवर पाहता दुसरा साटा बराच लांब. पण आसामागे निघणारा भाग पहिल्यात सुमारे १.२ मी. व दुसऱ्यात साधारणपणे १.२ ते १.५ मी. असतो. लांबी वाढते ती मुख्यतः आसाच्या पुढे. अडचण येते ती ६० इंची सांगाड्यावर ११ फुटी साटा चढविला म्हणजे. कारण मग आसामागील भाग सुमारे १.८ मी. होतो.

उदा., आसांतर ३.६ मी. असून साट्याच्या मागील टोकास जोडलेल्या ट्रेलरचा ५०० किग्रॅ. भार टेकत असेल, तर आसामागे १.२ मी. अंतरावर पुढील आसावरचा भार सुमारे १६७ किग्रॅ.ने कमी होतो, १.८ मी. अंतरावर ही घट सुमारे २५० किग्रॅ. होते. तेवढाच अधिक भार, मूळच्या ५०० किग्रॅ.खेरीज, मागील आसावर पडतो. पुढची चाके हलकी झाल्याने सुकाणू व पुढील गतिरोधक यांची पकड कमी होते. शिवाय ट्रेलर आडवा हेलकावू लागल्यास लांब शेपटाच्या तरफेमुळे तो गाडीचा मागील भाग सहज फिरवू शकतो. मागचे कमानपाटे भक्कम केल्याने साटा समतल दिसतो. पुढच्या चाकांवरून गेलेला भार त्याने परत येत नाही. अनुभवी चालकही येथे फसतात.

‘गूजनेक’ (हंसासारखी मान असलेल्या) ट्रेलरची जोडणी साट्याच्या मधोमध, मागील आसाच्या वर किंवा किंचित पुढे असते. त्यामुळे पुढील आस हलका होत नाही. येथे अडचण उलट बाजूची : वळताना ट्रेलरचा पुढील कोपरा चालककक्षावर आदळू नये, यासाठी जोडणीच्या पुढे पुरेशी जागा लागते. ८ फूट रुंदीच्या ट्रेलरचा कोपरा काटकोनी वळणात जोडणीच्या पुढे किमान ४ फूट येतो. आखूड हौद्याच्या पिकअप गाड्यांत म्हणूनच मागे सरकणारी जोडणी वापरावी लागते.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये आसामागील भाग आसांतराच्या ६० टक्क्यांहून अधिक असू नये, असे बंधन आहे. वरील उदाहरणात ही मर्यादा २.१६ मी. येते, म्हणजे १.८ मी. शेपटाचा साटा या नियमात बसतो, परंतु टोकाला जड ट्रेलर जोडण्यास तो योग्य ठरत नाही.