मठाचं दार

शंभर वर्षांत दिंडीला कोणी शिधा दिला, कोणी बैलजोडी दिली, त्यांची नावं या पुस्तकात येतीलच, यायलाच पाहिजेत. आम्ही जागा देणाऱ्याबद्दल सांगणार. पायलीभर ज्वारी द्यायला आपण शेतकरी मागं सरत नाही. आपल्या छपराखाली दुसऱ्याला घेणं मात्र जड जातं.

साने गुरुजी जन्मानं कोकणातले, पण १९२४ ते १९३० अमळनेरला प्रताप हायस्कुलात मास्तर होते. नरडाण्याहून गाडीत बसलं की बेटावद, मग अमळनेर. म्हणजे आपल्या शिवेवरचेच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं केली, ती गुरुजींनीच उतरून घेतली. त्याच गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपास धरला. कशासाठी? तर विठोबाचं देऊळ अस्पृश्य म्हणवलेल्यांना उघडावं म्हणून.

चोखोबांची हाडं नामदेवरायांनी मंगळवेढ्याहून आणली असं परंपरा सांगते. समाधी कुठं, तर महाद्वाराबाहेर. आपण तिथं डोकं टेकवायचं नि आत जायचं. चोखोबांच्या जातीच्या वारकऱ्यानं मात्र तिथूनच मागं फिरायचं. शेकडो वर्षं असं चाललं.

गुरुजींना उपासाला पंढरपुरात सहजी कोणी जागा देईना. तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. आम्हाला हे गुरुजींच्या उपासाइतकंच मोठं वाटतं. उपास सुटल्यावर गुरुजी आपल्या गावी जाणार. महाराजांना तिथंच राहायचं होतं, त्याच बडव्यांत, त्याच फडांच्या शेजारी. आणि विरोध करणारे काही परके नव्हते. गळ्यात माळ असलेलेही त्यात होते. कीर्तनात हे सांगितलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, पडोत.

उपास सोडा म्हणून गांधीजींनीही कळवलं, गुरुजी ढळले नाहीत. शेवटी बडव्यांनी देऊळ खुलं करायचं कबूल केलं नि १० मेला उपास सुटला.

देऊळ उघडलं. घराचं काय? वारीत मांडीला मांडी लावून कळण्याची भाकर खाणारा सोबती गावी आल्यावर ओसरीवरच पाणी पिऊन जातो, हे आमच्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. त्याला आत या म्हणायला यजमानाची जीभ उचलत नाही. आता ते पुष्कळ कमी झालंय. पण पुरतं गेलं, असं शंभराव्या वर्षाच्या या पुस्तकात आम्ही लिहिणार नाही.