कापूस, काडतूस आणि बारीक गोळी

अकोल्याच्या एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो असताना अकरावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला गाठले. राष्ट्रीय छात्रसेनेत तो नुकताच पॉइंट टू टू रायफलने पंचवीस यार्डांवर गोळ्या मारून आला होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या त्या गोळीने त्याची थोडी निराशा केली असावी. तो म्हणाला, “सर, लांब मारायचं असन तर गोळी मोठीच लागत असन ना?”

प्रश्न वरवर सोपा वाटला, तरी एकोणिसाव्या शतकातले मातब्बर अभियंते आणि रसायनशास्त्रज्ञ याच प्रश्नाभोवती पन्नास वर्षे घोटाळत होते. त्याचे उत्तर ज्या पदार्थामुळे मिळाले, तो तर वऱ्हाडच्या घराघरांत असतो. म्हणून ही हकिकत शिक्षकमित्रांपुढे ठेवावीशी वाटली.

१८५७ ची दोन काडतुसे

१८५७ म्हटले की काडतूस आठवते. दातांनी तोडायचे, चरबी लावलेले ते कागदी काडतूस एन्फिल्ड रायफलचे होते. तिच्या नळीचा व्यास १४.७ मिलिमीटर आणि शिशाच्या गोळीचे वजन सुमारे ३४ ग्रॅम होते. त्या काळी हीच गोळी ‘लांब पल्ल्याची’ समजली जाई.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हाइथ येथे वेगळ्याच रायफलची चाचणी चालू होती. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञाने गोळीचे वजन आणि दारू एन्फिल्डइतकीच ठेवली, पण गोळी बारीक आणि लांब केली. नळीचा व्यास फक्त ११.५ मिलिमीटर. लांबच्या निशाणावर या रायफलने एन्फिल्डला सहज मागे टाकले. म्हणजे वजन तेच, दारू तीच, फरक फक्त आकाराचा!

याचे कारण नववीच्या मुलालाही समजावता येते. हवा गोळीला अडवते ती तिच्या समोरच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्या अडथळ्याला न जुमानता पुढे जाण्याची ताकद मात्र गोळीच्या वस्तुमानात असते. म्हणून वस्तुमानाला व्यासाच्या वर्गाने भागावे. एन्फिल्डसाठी उत्तर येते सुमारे ०.१६ ग्रॅम प्रति चौरस मिलिमीटर आणि व्हिटवर्थसाठी ०.२६. हा आकडा जितका मोठा, तितका गोळीचा वेग वाटेत कमी घटतो. पिसापेक्षा बाण लांब का जातो, याचेच हे गणित आहे.

मग गोळी लांबच लांब का करू नये? लांब गोळी हवेत कोलांट्या खाऊ लागते. तिला भोवऱ्यासारखे फिरवावे लागते, आणि गोळी जितकी लांब तितके जोरात. त्यासाठी नळीच्या आत नागमोडी खाचा असतात. एन्फिल्डच्या खाचा जवळजवळ दोन मीटरमध्ये एक फेरा घेत, व्हिटवर्थच्या अर्ध्या मीटरमध्येच. १८७९ मध्ये वुलिच येथील गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी यासाठी एक ठोकताळा दिला. गोळीची लांबी आणि खाचांचा एक फेरा पुरा होण्याचे अंतर, दोन्ही व्यासाच्या पटीत मोजावीत. त्यांचा गुणाकार १५० च्या आसपास असावा. गोळी नळीला साजेशी निवडावी लागते, नुसती जड किंवा हलकी असून भागत नाही, हे यातून पहिल्यांदा आकड्यांत उतरले.

काळ्या दारूची काजळी

तरीही सरकारने व्हिटवर्थची रायफल सैन्याला दिली नाही. ती महाग होती, आणि बारीक नळी काजळीने लवकर भरून जाई. हा दोष नळीचा नव्हता, दारूचा होता. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळली की तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे घन अवशेष मागे राहतात. म्हणजे ढकलणारा वायू निम्म्याहून कमी आणि बाकी सारी राख व धूर. अशा दारूने बारीक गोळीला मोठा वेग देणे शक्य नव्हते. १८७१ ची मार्टिनी-हेन्री रायफलही अकरा मिलिमीटरच्या वरच राहिली आणि तिच्या ३१ ग्रॅमच्या गोळीचा वेग सेकंदाला ४१० मीटरच्या जवळपासच होता.

व्यास आणखी घटवायचा तर नवी दारू हवी होती. इथे कापूस आला.

रसायनशाळेतला कापूस

१८४६ मध्ये बासल येथील रसायनशास्त्रज्ञ क्रिस्तिआन शोनबाइन यांनी कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया घडवली. सांडलेले आम्ल त्यांनी सुती एप्रनने पुसले आणि वाळताना तो भुर्रकन जळून गेला, अशी कथा सांगितली जाते. कापसाचा तंतू म्हणजे बहुतांशी सेल्युलोज. आम्लाच्या क्रियेने त्याच्या रेणूत नायट्रेटचे गट येऊन बसतात. जळण आणि जाळणारा ऑक्सिजन असे एकाच रेणूत नांदू लागतात. तो जळला की जवळजवळ सगळा वायू होतो, राख उरत नाही. (शाळेच्या प्रयोगशाळेत हे करून पाहण्याचा विचारही कुणी करू नये. कारण पुढे येतेच.)

याच सुमारास वऱ्हाडात काय चालले होते? १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये अकोला, बडनेरा असे करत रेल्वे नागपूरला पोचली. पुढे खामगाव आणि अमरावतीला कापसासाठीच फाटे निघाले. अमरावतीचे जुने नाव उमरावती. त्यावरून इथल्या कापसाला परदेशी बाजारात ‘उमरा’ म्हणत. आखूड धाग्याचा म्हणून त्याला भाव कमी मिळे. गंमत अशी की दारूच्या रसायनशास्त्राला धाग्याच्या लांबीशी काही देणेघेणे नसते. जिनमधून रुई निघाल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, तीसुद्धा या कामाला चालते. सूत काततात ते धाग्याच्या लांबीवर आणि दारू बनते ती रेणूवर, हा भेद वर्गात कपाशीचे बोंड हाती देऊन सांगण्यासारखा आहे.

पण गनकॉटन नावाचा हा पदार्थ मोठा लहरी निघाला. १४ जुलै १८४७ रोजी इंग्लंडमधल्या फॅव्हरशॅम येथील कारखाना उडाला आणि सुमारे वीस कामगार मेले. पुढे कित्येक वर्षे त्याला हात लावायला कुणी धजेना. तंतूंच्या पोकळीत अडकलेले आम्लाचे अंश घात करतात, हे जाणून फ्रेडरिक एबेल यांनी १८६५ मध्ये तो बारीक लगदा करून वारंवार धुण्याची रीत बसवली. तरी त्याचे जळणे फार झपाट्याचे होते. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी त्याला द्रावकात मळून, पातळ पापुद्रे लाटून, त्याचे तुकडे केले. आता ज्वाला तंतूंच्या जाळीत न घुसता पृष्ठभागावरून बेताने सरकू लागली. दोनच वर्षांत फ्रान्सची ८ मिलिमीटरची लेबेल रायफल आली. इंग्लंडमध्ये १८८९ साली एबेल आणि ड्यूअर यांनी दोरीसारखी वळलेली ‘कॉर्डाइट’ दारू केली. निलगिरीत अरुवंकाडू येथील तिचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभीचा.

निम्म्या वजनाची गोळी

इंग्रजांच्या नव्या थ्री नॉट थ्री रायफलचा व्यास होता ७.७ मिलिमीटर, गोळी १४ ग्रॅमची आणि कॉर्डाइटमुळे वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर. मघाचा भागाकार पुन्हा करा. उत्तर येते ०.२४, म्हणजे जवळजवळ व्हिटवर्थएवढेच. वजन निम्म्याहून कमी झाले, हवेला भेदण्याची ताकद तेवढीच राहिली आणि वेग वाढला. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते.

नव्या वेगाने नवी अडचण आणली. मऊ शिसे खाचांत टिकेना, नळीला लेप बसे. स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन यांनी गोळीला तांब्याचे कवच चढवून ती दूर केली. पण ही कडक, बारीक गोळी शरीरातून आरपार निघून जाई. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांनी तक्रार केली की तिने शत्रू थांबत नाही. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात गोळीचे टोक कवचाविना उघडे ठेवण्यात आले. अशी गोळी शरीरात फुलते आणि भयंकर जखम करते. १८९९ मध्ये हेग येथील परिषदेने ती निषिद्ध ठरवली. ‘रानटी’ लोकांशी लढताना ती लागते असे म्हणून इंग्लंडने विरोधी मत दिले आणि १९०७ मध्ये बंदी मान्य केली. ते ‘रानटी’ म्हणजे आपल्याच उपखंडातली माणसे होती. गोळीचे टोक कसे असावे हा प्रश्न त्या दिवसापासून केवळ भौतिकशास्त्राचा राहिला नाही.

दहा मिलिमीटरचे वर्तुळ

आता पुन्हा त्या छोट्या गोळीकडे येऊ. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० मध्ये म्युनिचला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. दोन्ही स्पर्धांतली गोळी पॉइंट टू टूच, म्हणजे ५.६ मिलिमीटरची. वजन २.६ ग्रॅम. तिचा भागाकार येतो अवघा ०.०८. लांब पल्ल्याच्या दृष्टीने ही गोळी दुबळीच. शिवाय तिचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर ठेवतात. कारण ध्वनीचा वेग ओलांडताना हवेचे हिसके तिला विचलित करतात.

मग नेमबाज काडतुसे निवडतात ती कशावर? हे गणित फळ्यावर मांडा. वेग कायम धरला तर पन्नास मीटर जायला ०.१५४ सेकंद लागतात. तेवढ्यात गोळी गुरुत्वाकर्षणाने सुमारे ११६ मिलिमीटर खाली येते. एखाद्या काडतुसात वेग सेकंदाला दहा मीटरने कमी भरला, तर ती साडेसात मिलिमीटर आणखी खाली लागते. आणि निशाणावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर! म्हणून चांगला नेमबाज जोर पाहत नाही, सारखेपणा पाहतो. रायफल शिकंज्यात पकडून तो एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे झाडतो आणि ज्या घाण्याची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात, तोच घाणा आपल्या नळीसाठी राखून ठेवतो. दुसऱ्याच्या नळीला कदाचित वेगळाच घाणा मानवेल.

त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगितले, “गोळी मोठी नको, जुळणारी हवी. नळीशी, वेगाशी, दारूशी आणि मागच्या-पुढच्या गोळीशी.”

परतीच्या गाडीत भुसावळच्या अलीकडे वरणगाव लागले. इथल्या कारखान्यात सैन्यासाठी छोट्या शस्त्रांची काडतुसे होतात. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दारूगोळ्याची प्रणोदके बनतात. तिथे २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ जणांचे प्राण गेले. फॅव्हरशॅमनंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली, पण ही माणसे रोज कोणत्या पदार्थांशी काम करतात याचा विसर पडून चालणार नाही.

खिडकीबाहेर वेचणीला आलेली कपाशी दूरवर पसरली होती. तीच रुई वातीत असते, गादीत असते, जखमेवरच्या पट्टीत असते आणि काडतुसातही जाऊ शकते. तिचे काय करायचे, हे रेणू ठरवत नाही. हा धडा पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तो शिक्षकालाच घ्यावा लागतो.