सिंहगडाचे प्रेक्षक

प्रेक्षकांचे मत हे इतिहासाचे एक साधन आहे, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप फारशी कोणी मनावर घेतलेली दिसत नाही. बखरी, पत्रे, शकावल्या यांची छाननी करण्यात आपल्या संशोधकांनी आयुष्ये वेचली, आणि ते योग्यच झाले. परंतु एखाद्या प्रसंगाची कथा लोकांपुढे आली असता त्यांनी कशास टाळी दिली, कशाकडे कानाडोळा केला व घरी जाताना काय बरोबर नेले, हेही त्या समाजाच्या मनाचे एक प्रकारे दप्तरच होय. हे दप्तर उलगडून पाहावयाचे, तर सिंहगडाच्या कथेइतके सोयीचे दुसरे उदाहरण आम्हांस आढळत नाही. तीत हेरगिरी आहे, वेषांतर आहे, काळोख्या रात्री ताशीव कडा चढून जाणे आहे, आणि अखेरीस नायकाचा मृत्यू आहे. गुप्तहेरांच्या व गिर्यारोहणाच्या चित्रपटास म्हणून जे साहित्य लागते, ते सर्व या एका कथेत सिद्धच होते.

ही कथा पडद्यावर प्रथम आणण्याचा मान कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यास आधार होता हरिभाऊ आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचा. पुढे स्वतः मोठ्या कीर्तीस चढलेले व्ही. शांताराम यांनी त्यात शेलारमामाची भूमिका केली होती. तोवर आपल्याकडील चित्रे बहुधा सूर्यप्रकाशातच घेतली जात. गडावरील हल्ला तर रात्रीचा. तेव्हा बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा उपयोग करून ती रात्र पडद्यावर उभी केली, आणि भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या चित्राची नोंद प्रामुख्याने याच कारणासाठी केली जाते. मुंबईस या चित्राला एवढी गर्दी लोटली की ती पाहूनच सरकारास करमणुकीवर कर बसविण्याची बुद्धी झाली, असे सांगण्यात येते. ही हकीकत जशीच्या तशी खरी असो वा नसो; मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ सालीच झाला, हे मात्र खरे आहे.

आज ते चित्र पाहावयास मिळत नाही. आपल्या मूकपटांपैकी बहुतेकांची जी गती झाली, तीच त्याचीही झाली. चित्र नाहीसे झाले, पण त्याविषयीचे मत उरले, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. आणि ते मत किती ठाम होते हे समजण्यास दोनच वर्षांनंतरचे एक उदाहरण पुरेसे आहे. १९२५ साली याच बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ हे चित्र काढले. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दुःख त्यात होते, आणि जाणत्या टीकाकारांनी त्याची वाखाणणीही केली. परंतु तिकिटाच्या खिडकीवर त्यास यश आले नाही. दिग्दर्शक तोच, कंपनी तीच. तरी घराशेजारचा सावकार पाहण्यास लोक आले नाहीत, आणि अडीचशे वर्षांपूर्वीचा कडा पाहण्यास मात्र धावले. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम मूळ प्रसंगाकडे वळले पाहिजे. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने कोंढाणा मोगलांकडे गेला, आणि ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी तो परत घेतला. या घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी, १६९७ साली, कृष्णाजी अनंत सभासद यांनी जिंजीस बसून आपली बखर लिहिली. तीत गड चढण्याचा वृत्तांत मोजक्या शब्दांत आला आहे. निवडलेले दोन मावळे वानरांच्या चपळाईने कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, सोडली, आणि तिच्या आधाराने तानाजींसह तीनशे माणूस वर गेले, एवढेच सभासद सांगतात. त्यात घोरपड नाही. किल्ल्याचे नाव या लढाईनंतर सिंहगड पडले, असा जो समज आहे, तोही टिकत नाही. कारण १६६३ सालच्या पत्रात ते नाव आलेले आहे.

घोरपड आली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. हा पोवाडा ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली आपल्या संग्रहात छापला. त्यातील यशवंती घोरपड कड्यावर चढता चढता माघारी फिरते, तानाजी तिला मरणाचा धाक घालतात, आणि मग ती वर जाऊन नखे रोवते, हा प्रसंग महाराष्ट्रातील लहान मुलांससुद्धा पाठ आहे. वस्तुतः घोरपडीच्या साहाय्याने गड घेण्याची गोष्ट याहून जुनी. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या कुळकथेत ती बहामनी काळातील म्हणून सांगितली जाते. शाहिराने ती उचलून आपल्या नायकास दिली, असे मानण्यास हरकत नाही. श्रोत्यांनी ती इतकी प्रिय मानली की सभासदांचे ते दोन मावळे मागे पडले, आणि त्यांची जागा एका सरपटणाऱ्या प्राण्याने घेतली. त्या दोघांची नावे तर सभासदांनीही दिलेली नाहीत.

परंतु आम्ही ज्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, ती घोरपडीची नव्हे. याच पोवाड्यात आणखी एक प्रसंग आहे. तानाजी पाटलाचा वेष घेऊन गडाच्या पायथ्याशी पहाऱ्यावर असलेल्या कोळ्यांकडे जातात, त्यांस देणग्या देऊन आपलेसे करतात, आणि त्यांच्याकडून गडाचा सर्व भेद काढून घेतात. शिबंदी किती, किल्लेदार कसा, कोणत्या बाजूस पहारा ढिला, हे ज्यास ठाऊक तोच कोणता कडा चढावा हे ठरवू शकतो. कडा चढण्यास धैर्य लागते. पण तो कोणता, हे ठरविण्यास माहिती लागते. कोंढाण्याशी कोळ्यांचा संबंधही आजकालचा नव्हे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या फौजेस नागनायक कोळ्याने याच गडावर आठ महिने झुंजविले, असे इसामीच्या ग्रंथात आहे. ज्यांच्या पिढ्या त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर गेल्या, त्यांच्या तोंडून निघालेला शब्द तीनशे तरवारींच्या तोडीचा होता, हे निदान शाहिरास तरी पक्के समजले होते.

मग प्रेक्षकांनी यांतील काय ठेवले? कोणाही सुशिक्षित घरात ही कथा विचारून पाहावी. रायबाचे लग्न बाजूस ठेवून निघालेला बाप सांगितला जाईल. घोरपड सांगितली जाईल. ढाल तुटल्यावर हातास गुंडाळलेला शेला सांगितला जाईल. सूर्याजींनी तोडलेले दोर सांगितले जातील. परतीचे दोर कापणे हा वाक्प्रचार ऐकला की मराठी माणसास हीच रात्र आठवते. कोळ्यांचे मेट मात्र शंभरांत एखाद्यासच स्मरेल. शाहिराने दिलेले श्रोत्यांनी वाटेत टाकून दिले, असे हे एक दुर्मिळ उदाहरण आहे.

यात केवळ आपलाच दोष आहे असेही नाही. १९७५ साली ‘द आयगर सँक्शन’ हा अमेरिकन चित्रपट निघाला. ट्रेव्हेनियन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची १९७२ सालची कादंबरी त्यास आधारभूत होती. दिग्दर्शक व नायक क्लिंट ईस्टवुड. चित्रांचा शौकीन असा एक प्राध्यापक गुप्तहेरखात्यासाठी एका मारेकऱ्याचा सूड घेण्यास निघतो, आणि त्यासाठी त्यास स्वित्झर्लंडमधील आयगर पर्वताची उत्तर भिंत चढणाऱ्या तुकडीत सामील व्हावे लागते, असे त्याचे कथानक आहे. ही भिंत १९३८ साली प्रथम सर झाली, व तत्पूर्वी तिने अनेकांचे बळी घेतले होते. चित्रण प्रत्यक्ष पर्वतावर झाले, नायकाने स्वतः दोरास लटकून कामे केली, आणि चित्रणाच्या वेळी कोसळलेल्या दरडीखाली एक ब्रिटिश गिर्यारोहक मरण पावला. या चित्रावर इंग्रजी प्रेक्षकांचे व टीकाकारांचे जे मत पडले ते थोडक्यात असे: हेरकथा पोकळ व अविश्वसनीय, पण पर्वत अप्रतिम. पन्नास वर्षे होत आली, तरी हे मत फारसे बदललेले नाही. मारेकरी कोण होता हे विसरलेली माणसेही त्या भिंतीवर लोंबकळणारा दोर विसरलेली नाहीत.

तेव्हा हा मनुष्यस्वभावच म्हटला पाहिजे. कड्यावरील माणूस सर्वांस दिसतो. त्याचा पाय घसरला तर आपला श्वास अडतो. तेथे न्याय देण्यास तज्ज्ञ लागत नाही. हेराचे काम याच्या नेमके उलट. ते जितके उत्तम, तितके अदृश्य. उत्तम गिर्यारोहकाचे नाव शिखरावर राहते. उत्तम हेराचे नाव कोठेच राहत नाही. महाराजांच्या जासुदांचे नाईक बहिर्जी यांचे नाव सभासदांनी सुरतेच्या प्रसंगी नोंदविले आहे. पण त्यांच्या हाताखालच्या माणसांची नावे कोण सांगणार?

तथापि या स्वभावास अपवाद होऊ शकतो, हे पन्हाळ्याच्या उदाहरणावरून दिसते. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी रात्री पन्हाळ्याचा कडा चढून तो बेलाग किल्ला घेतला. धैर्याच्या दृष्टीने हे कृत्य कोंढाण्याहून रतिभर कमी नाही. आणि पुराव्याच्या दृष्टीने तर सरसच, कारण जयराम पिंड्ये या समकालीन कवीने ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्यच त्यावर रचले. तरीही घरोघर तानाजी माहीत, कोंडाजी नाहीत. कारण उघड आहे: कोंडाजी त्या रात्री जिंकले आणि जगले. त्यांच्या कथेत अश्रू नव्हते. पुढे २०१८ साली ‘फर्जंद’ हा मराठी चित्रपट निघाला. त्यात चढाईइतकीच बहिर्जींच्या हेरगिरीस जागा दिली होती, आणि तो लोकांस आवडला. हेरास योग्य प्रकारे पुढे आणले तर प्रेक्षक त्यास नाकारीत नाहीत, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

१९३३ साली प्रभात कंपनीने शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली ‘सिंहगड’ बोलपट काढला. २०२० साली ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट आला, आणि २०२३ साली ‘सुभेदार’ हा मराठी. दर खेपेस सुशिक्षितांत तोच वाद होतो. एक पक्ष म्हणतो, हा इतिहास नव्हे, यात उदेभानाचा राक्षस केला आहे. दुसरा म्हणतो, करमणुकीस गेलो होतो, परीक्षेस नव्हे. पहिल्या पक्षाचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. पण त्यांची तक्रार बहुधा जे जास्त घातले त्याबद्दल असते. जे गाळले गेले त्याबद्दल कोणी बोलत नाही. भर घातलेली घोरपड दिसते तरी, व तिला वगळताही येते. गळलेला कोळी दिसतच नाही, मग त्याची उणीव कोणास भासणार?

या गळण्याचा परिणाम काय होतो, हे पाहण्यास मुंबईच्या वेशीवरील वरसावे गावापर्यंत यावे. येथून मुंबई-अहमदाबाद महामार्ग पुलावरून वसईची खाडी ओलांडतो, आणि जवळच घोडबंदरचा पोर्तुगीज किल्ला आहे. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी बेट मराठ्यांच्या हाती आले, ठाण्यापाठोपाठ घोडबंदरही गेले. या यशाचे मूळ कोठे होते? अणजूरचे गंगाजी नाईक व मालाडचे अंताजी रघुनाथ या स्थानिक गृहस्थांनी पोर्तुगिजांच्या जाचास कंटाळून पुण्याशी संधान बांधले. ठाण्याचा किल्ला अजून पुरा बांधून झालेला नाही, ही संधी साधून मराठे मार्चच्या अखेरीस रात्री खाडी ओलांडून गेले. ही सर्व हकीकत साष्टीच्या बखरीत आहे. येथे कडा नव्हता. उथळ पाणी, चिखल, काळोख आणि खात्रीलायक बातमी एवढेच भांडवल होते. पुढे १७३९ साली वसई पडली, तिचे नाव महाराष्ट्रभर झाले. पण ज्या बातमीने दार उघडले, ती देणाऱ्यांची नावे वरसाव्याच्या पुलावरून रोज जाणाऱ्या हजारोंपैकी कितींना ठाऊक असतील?

पकडले गेले असते तर या माणसांस रणांगणावरील मरण लाभले नसते. त्यांच्या वाट्यास तुरुंग, छळ आणि कुटुंबाचा नाश आला असता. आणि तोही कोणी पाहत नसताना. धैर्याची जी व्याख्या आपण मुलांस शिकवितो तीत या धैर्यास जागा नसेल, तर ती व्याख्या अपुरी आहे. एखाद्या समाजाने केवळ कड्यावरच्या वीरांचेच स्मरण ठेवले, तर संकटाच्या वेळी तो शूर माणसांची वाट पाहत बसतो. पायथ्याशी राहणाऱ्या, सर्व काही पाहणाऱ्या सामान्य माणसाचे साहाय्य घ्यावयाचे असते, हे तो विसरतो. शिवछत्रपतींचे राज्य या विस्मरणावर उभे राहिले नव्हते.

म्हणून प्रेक्षकांच्या मतास आम्ही तुच्छ लेखीत नाही. त्यांनी कड्यास दिलेली टाळी खरीच आहे. १९२३ साली दिव्यांच्या उजेडात त्यांनी जी रात्र पाहिली, ती पाहून त्यांची छाती भरून आली असेल, तर ते आम्हांस भूषणावहच वाटते. आमची अपेक्षा एवढीच की यापुढे कोणी सिंहगडाची कथा सांगावयास घेतली, कथेकऱ्याने, चित्रपटकाराने अथवा घरातील आजीने, तर तिने ती कड्यापासून आरंभ करू नये. तिने पायथ्याच्या मेटावरून आरंभ करावा. दोर वर गेला तो त्या जागेवरून.