सॉक्रेटिसचा पेला आणि आपली कोथिंबीर

कोथिंबीर, शेपू, जिरं, ओवा, बडीशेप, गाजर, हिंग. ही सगळी एकाच कुळातली, फुलोरा छत्रीसारखा. आज मी बोलणार आहे त्यांच्या विषारी भावंडाबद्दल, म्हणजे हेमलॉकबद्दल.

इ.स.पूर्व 399. अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिसच्या हातात विषाचा पेला दिला गेला. प्लेटो लिहितो, आधी पाय जड झाले, मग बधिरपणा वर वर चढत गेला. पण वनस्पतीचं नाव काही तो सांगत नाही. मग ते हेमलॉकच कशावरून?

आता थेट 1845 सालच्या एडिनबरात येऊ. डंकन गाऊ नावाच्या शिंप्याला त्याच्या मुलांनी रानातली पानं घालून सँडविच करून दिलं. पोरांना वाटलं, पार्सली आहे. ते होतं हेमलॉक. काही तासांत बाप गेला. डॉ. जॉन ह्यूज बेनेट यांनी ही केस नोंदवून ठेवली: पायांपासून वर चढणारा लुळेपणा, शुद्ध मात्र शाबूत. प्लेटोच्या वर्णनाशी किती जुळतं बघा!

मग ओळखायचं कसं? हेमलॉकचा दांडा गुळगुळीत, त्यावर जांभळट डाग. पानं चुरगळली की उंदरासारखा कुबट वास. रानगाजराचा दांडा केसाळ. पण खरं सांगू? नुसत्या पानांवर भरवसा ठेवून चालत नाही. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या दोस्तांनो, ट्रेकवर कोथिंबिरीसारखं काही दिसलं, तर फोटो काढा, तोंडात घालू नका!