कोपऱ्यातला आर्मस्ट्राँग

आमच्या इथल्या मराठी मंडळाने यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात एक नवीन टूम काढली. नाच आणि नाटुकल्यांच्या जोडीला हौशी मंडळींनी केलेले छोटे माहितीपट दाखवायचे. अट एकच, दहा मिनिटांच्या वर जायचं नाही. मी मीटिंगमध्ये लगेच हात वर केला. सोमवार ते शुक्रवार कोड आणि शनिवार-रविवार कपडे नि भाजी, यात माहितीपट कुठे बसणार, हा विचार हात खाली आल्यावर सुचला. :)

विषय मात्र डोक्यात आधीपासून होता. मी राहतो इंडियानापोलिसला. इथून आय-७० वरून पूर्वेला सव्वा तास गाडी हाकली की ओहायोच्या सीमेलगत रिचमंड नावाचं गाव लागतं. ५ आणि ६ एप्रिल १९२३ या दोन दिवसांत तिथे किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवायला एक एकवीस वर्षांचा पोरगा होता. त्याचं नाव लुई आर्मस्ट्राँग. त्याचंही हे पहिलंच रेकॉर्डिंग. शिवाय अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे १९२३ सालची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२४ पासून सर्वांना खुली झाली आहेत, म्हणजे संगीताच्या हक्कांची भानगड नाही. आणखी काय पाहिजे?

आधी थोडा इतिहास. जो 'किंग' ऑलिव्हर न्यू ऑर्लिन्सचा. तिथून तो शिकागोला आला आणि लिंकन गार्डन्स नावाच्या नाचाच्या हॉलमध्ये त्याचा बँड गाजायला लागला. १९२२ च्या ऑगस्टमध्ये त्याने आर्मस्ट्राँगला न्यू ऑर्लिन्सहून बोलावून घेतलं. शिकागोसारखं मोठं शहर सोडून ही मंडळी पहिल्या रेकॉर्डिंगला रिचमंडसारख्या आडगावात का गेली, हा मला पडलेला पहिला प्रश्न.

उत्तर आहे एका पियानोच्या कारखान्यात. रिचमंडला स्टार पियानो कंपनी होती आणि 'जेनेट' हा तिचा रेकॉर्डचा छाप. त्या काळी तबकडीवर आडव्या हलणाऱ्या सुईने खाच कोरायच्या पद्धतीवर बड्या व्हिक्टर कंपनीने पेटंटचा दावा सांगितला होता. घरोघरच्या बहुतेक यंत्रांवर तीच तबकडी चालायची. आपल्या भाषेत सांगायचं तर, फाइल फॉरमॅट एकाच कंपनीच्या खिशात! व्हिक्टरने स्टार कंपनीवर खटला भरला आणि १९२२ मध्ये अपिलातही तो हरली. त्यामुळे छोट्या कंपन्यांना वाट मोकळी झाली. या छोट्या कंपन्यांना बडे गायक परवडत नव्हते. मग त्यांनी ज्यांना कोणी विचारत नव्हतं, अशांना बोलावलं. म्हणजे एका अर्थी, जॅझचा हा सगळा ठेवा आपल्याला एका पेटंटच्या निकालामुळे मिळाला. (वकिलांनाही कधीतरी चांगलं म्हणावं लागतं.)

तर आम्ही, म्हणजे मी आणि माझा रूममेट, एका शनिवारी थर्मासात चहा आणि डब्यात थालीपीठं घेऊन निघालो. व्हाइटवॉटर नदीची घळ आहे, तिच्यात हा कारखाना होता. आता कारखान्याचा एक विटांचा सांगाडा शिल्लक आहे, भिंतीवर जेनेटचं जुनं चिन्ह रंगवलेलं दिसतं आणि पायवाटेवर इथे वाजवून गेलेल्या कलाकारांची पदकं बसवली आहेत. स्टुडिओची इमारत राहिलेली नाही. कॅमेरा लावायचा कशावर?

तो स्टुडिओ म्हणजे रेल्वेच्या रुळांना चिकटून असलेली एक लाकडी लांबट शेड होती. गाडी आली की रेकॉर्डिंग थांबवायचं. आम्ही होतो त्या तीन तासांत आम्हाला एकही गाडी ऐकू आली नाही. रूममेट म्हणाला, "नेटवरून इंजिनची शिट्टी घेऊन टाक, कोणाला कळतंय!" मी टाकली. पुढच्या चुकीची सुरुवात तिथेच झाली, हे आता लक्षात येतंय.

त्या खोलीत मायक्रोफोन नव्हता. विजेवर चालणारं रेकॉर्डिंग बड्या कंपन्यांकडे आलं १९२५ साली. १९२३ मध्ये भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असायचा. त्याच्या निमुळत्या टोकाला पडदा आणि पडद्याला सुई. सगळा बँड त्या कर्ण्याच्या तोंडासमोर वाजवणार, त्या हवेच्या धक्क्याने पडदा हलणार आणि सुई फिरत्या मऊ मेणात खाच पाडणार. बस, संपलं. एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास. चूक झाली तर नवीन मेण. ऐकून बघायचं म्हटलं तर मेणावरची खाच खराब होते, म्हणजे तो प्रयत्न बाद.

ड्रम जोरात वाजला तर सुई उसळायची. म्हणून बेबी डॉड्सला त्याचा मोठा बास ड्रम वाजवता आला नाही, तो लाकडी ठोकळ्यांवर ताल धरून बसला. बिल जॉन्सन हा खरा तंतुवाद्य बासवाला, पण बासचा खर्ज कर्ण्याला नीट पकडता येत नव्हता, म्हणून त्याच्या हातात बँजो. 'डिपर माउथ ब्लूज' वाजवताना डॉड्स आपली जागा विसरला आणि ती रिकामी राहू नये म्हणून जॉन्सन एकदम ओरडला, असं डॉड्सने पुढे सांगितलं आहे. ती आरोळी तबकडीवर तशीच राहिली आणि पुढे हे गाणं वाजवणारे बँडवालेही त्या जागी ओरडायला लागले. बग होता, फीचर झाला!

आता त्या प्रसिद्ध गोष्टीकडे येतो. बँडची पियानोवाली लिल हार्डिन. पुढे १९२४ मध्ये तिचं आर्मस्ट्राँगशी लग्न झालं. तिने नंतर सांगितलेली आठवण अशी की, आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका दणदणीत होता की ऑलिव्हर ऐकूच येईना. म्हणून त्याला बाकीच्यांपासून बारा-पंधरा फूट मागे, कोपऱ्यात उभं केलं. आणि तो बिचारा तिथे खिन्न चेहऱ्याने उभा होता.

झालं! मला माझा सीन मिळाला. रूममेटला टोपी घातली, अपार्टमेंटच्या कोपऱ्यात उभा केला, मागून दिवा, हातात स्टीलचा झारा (सावलीत कॉर्नेट वाटतो, खरंच!), खाली सारंगीचा उदास तुकडा. निवेदन असं की, जगाचा सर्वांत मोठा जॅझ वादक आणि त्याला कोपऱ्यात टाकलेलं. चाळीस सेकंद. मी स्वतःवरच खूष.

मंडळात एक काका आहेत, अनेक वर्षं हौसेने तबला वाजवतात. आमच्या मंडळाच्या गाण्यांचा साउंडही तेच बघतात. त्यांना पहिला कट दाखवला. ते शांतपणे बघत होते. त्या सीनला म्हणाले, "थांबव जरा. त्याला शिक्षा केली होती का?"

म्हटलं, "नाही काका, आवाज मोठा होता म्हणून..."

"अरे मग त्याला बॅलन्सिंग म्हणतात. परवाच्या कार्यक्रमात तुझा माइक मी निम्मा खाली घेतला होता, तेव्हा तू कुठे रडलास?"

मला हे माहीत नव्हतं. (माझा माइक निम्मा होता, हे!) पण घरी येऊन बसलो तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. तीन फुटांवरून बारा फुटांवर गेलं की बारा डेसिबल. त्या खोलीत बटणं नव्हती, स्लायडर नव्हते. वादकांच्या पायाखालची जमीन हाच मिक्सर. आम्ही कुकरच्या शिट्टीवर प्रयोगही केला, फोन आधी तीन फुटांवर आणि मग बारा फुटांवर ठेवून. भिंतींमुळे पूर्ण बारा नाही, पण आकडा चांगलाच घसरला आणि दोन शिट्ट्यांत डाळही झाली.

मग 'चाइम्स ब्लूज' पुन्हा कान देऊन ऐकलं. त्यात आर्मस्ट्राँगचा रेकॉर्डवरचा पहिला सोलो आहे. तो साफ, पुढे ऐकू येतो. सोलो नसताना दोन कॉर्नेट एकमेकांत मिसळलेले. लिलला त्याचा चेहरा उतरलेला दिसला असेल, ती तिथे होती, तिची आठवण तिची आहे. पण त्या चेहऱ्याचा अर्थ 'अन्याय' असा मी लावला आणि वर सारंगी ओतली. हे करायचा मला काय अधिकार?

खरी शरमेची गोष्ट पुढे आहे. या सगळ्या वाचनात मला आणखी एक गोष्ट कळली होती आणि मी ती 'वेळेत बसत नाही' म्हणून वगळली होती. विसाव्या शतकाच्या त्या दशकात इंडियानात कू क्लक्स क्लानचा भयंकर जोर होता. पैसे भरील त्याची खाजगी तबकडी काढून द्यायची, असाही स्टार कंपनीचा धंदा होता आणि क्लानच्या गाण्यांच्या तबकड्या त्यात निघाल्या. त्यांवर जेनेटचं नाव नसे, पण निघाल्या त्याच कारखान्यातून. याच स्टुडिओत १९२३ च्या जुलैमध्ये जेली रोल मॉर्टन न्यू ऑर्लिन्स रिदम किंग्ज या गोऱ्यांच्या बँडबरोबर वाजवून गेला. काळे-गोरे एका खोलीत बसून रेकॉर्ड करणं तेव्हा जवळजवळ ऐकिवात नव्हतं. कारखाना धंदा करत होता. जो येईल त्याचं मेणावर उतरवत होता.

म्हणजे मी काय केलं होतं? जिथे दुःख असल्याची खात्री नव्हती तिथे चाळीस सेकंद सारंगी वाजवली आणि जिथे ते खरंच होतं ते कापून टाकलं. कारण कोपऱ्यातला एकटा माणूस चित्रात छान दिसतो. एकाच कारखान्यातून निघणाऱ्या दोन तबकड्या दिसत नाहीत.

त्या कर्ण्यानेही हेच केलं होतं. त्याला जे पेललं ते घेतलं, बाकीचं सोडलं. मोठा ड्रम सोडला, बास सोडला. लिंकन गार्डन्समध्ये रात्री लोक नाचत असताना एकेक गाणं किती वेळ चालत असेल, तेही सोडलं आणि तीन मिनिटं ठेवली. नंतरच्या लोकांनी तबकड्या ऐकल्या आणि त्यांना वाटलं, हाच तो बँड. पण कर्ण्याचा इलाज नव्हता. माझा होता.

सीन काढला. शिट्टीही काढली. त्या जागी नदीकाठचा आम्ही टिपलेला नुसता वाऱ्याचा आवाज ठेवला आणि त्यावर क्लानच्या तबकड्यांची आणि मॉर्टनची हकिकत सांगितली. कोपऱ्याची गोष्ट ठेवली, पण 'लिल हार्डिनने नंतर सांगितलं' असं म्हणून, आणि पुढे कुकरचा प्रयोग. लोक शिट्टीला हसले आणि त्यानंतरच्या दीड मिनिटाला हॉल शांत होता.

शेवटचा मिनिट मात्र मी आकाशात नेला. १९७७ साली नासाने दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठवली. तिच्यावर आपल्या गोव्यात, केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो' आहे. त्याच तबकडीवर आर्मस्ट्राँगच्या हॉट सेव्हनचं १९२७ सालचं 'मेलन्कली ब्लूज' आहे. त्या सातांतले चौघे रिचमंडच्या खोलीत होते. आर्मस्ट्राँग, लिल आणि दोघे डॉड्स भाऊ. १९२७ पर्यंत मायक्रोफोन आला होता, कर्णा गेला होता. आर्मस्ट्राँगला मागे सरकायची गरज उरली नव्हती.

ऑलिव्हर मात्र १९३८ मध्ये सव्हाना गावात गरिबीतच गेला. ज्याचा आवाज ऐकू यावा म्हणून आर्मस्ट्राँग मागे उभा राहिला, तो ऑलिव्हर. हे माझ्या दहा मिनिटांत बसलं नाही. म्हणून इथे लिहिलं.