दुकान गेलं, खर्च राहिला

पुण्याबाहेरच्या एका मॉलमध्ये मामाचा मोबाईल कव्हर आणि चार्जरचा गाळा होता. पहिल्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी. जागा दाखवणारा माणूस पुन्हा पुन्हा एकच सांगत होता: खाली मोठं सुपरमार्केट आहे, गर्दीची काळजी करू नका. दीड वर्षात सुपरमार्केट उठलं. पुढच्या सहा महिन्यांत मामाही उठला. करारात तीन वर्षांचं लॉक-इन होतं, म्हणून मालकाने दोन लाखांचं डिपॉझिट अडकवून ठेवलं. मामाने चार मेल केले, एकालाही उत्तर नाही. शेवटी आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद शांतपणे वाचले आणि म्हणाले, "भांडता येईल. पण जेवढं डिपॉझिट आहे, त्याहून जास्त भांडण्यातच जाईल."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या पायरीचा नेमका दर काय आणि तो भरायचा कुणी, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात एक सवय असते: अडलं की आधी शोधायचं, हाच एरर दुसऱ्या कुणाला आला होता का. तसा शोधत शोधत मी शेफील्डला पोहोचलो.

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हिल्सबरो नावाचा भाग आहे. फुटबॉल बघणाऱ्यांना तो १९८९च्या स्टेडियम दुर्घटनेमुळे माहीत असेल. तिथल्या शॉपिंग सेंटरमधली सगळ्यात मोठी जागा १९७९ साली ३५ वर्षांच्या भाडेकराराने दिली गेली. मालक होती को-ऑपरेटिव्ह इन्शुरन्स सोसायटी. भाडेकरू होती अर्गाइल स्टोअर्स, म्हणजे तिथलं 'सेफवे' सुपरमार्केट. करारात एक साधी अट होती: परिसरातल्या नेहमीच्या वेळांत दुकान चालू ठेवायचं. अशी अट मालक उगाच घालत नाही. लोक सुपरमार्केटला येतात आणि जाताजाता बाकीच्या गाळ्यांत डोकावतात. मोठं दुकान गेलं की बाकीचे तग धरत नाहीत, हे मामाला विचारा.

१९९४ मध्ये अर्गाइलने आपला सगळा पसारा तपासला. हिल्सबरोच्या दुकानाला आदल्या वर्षी ७०,२९८ पाउंडांचा तोटा झाला होता. तोट्यातली किंवा कमी नफ्यातली २७ दुकानं बंद करायचं ठरलं आणि त्यांत हेही आलं. एप्रिल १९९५ मध्ये बातमी फुटल्यावर मालकांच्या सर्व्हेअरने ताबडतोब पत्र लिहिलं: करारातली अट पाळा, तात्पुरती भाडेसवलत हवी असेल तर बोलू. पत्राला उत्तर आलं नाही. ६ मे, शनिवारी दुकान बंद झालं आणि त्यानंतर आतलं सगळं सामान उचकटून नेलं. तोडफोड आधी उरकली की 'परत उघडा' म्हणणाऱ्याचं काम अवघड होतं, हे कुणालाही कळेल.

करार मोडला होता यात शंका नव्हती. नुकसानभरपाई द्यावीच लागणार होती. खरा वाद हा होता, की कोर्ट कंपनीला दुकान पुन्हा उघडायला लावू शकतं का? पहिलं कोर्ट म्हणालं, नाही, फक्त पैसे. अपील कोर्टातल्या तिघांपैकी दोघे म्हणाले, लावू शकतं. त्यांपैकी लेगॅट यांनी शब्दही जपून वापरले नाहीत; कंपनीच्या वागण्यात त्यांना उघड व्यापारी निर्ढावलेपण दिसलं. हुकूम निघाला: २०१४ पर्यंत, किंवा जागा दुसऱ्या कुणाला देईपर्यंत, दुकान चालवा. मात्र दुसऱ्या भाडेकरूशी बोलणी झालेली होती, म्हणून हुकूम तीन महिने स्थगित ठेवला. तेवढ्या काळात, थोडी मुदत वाढवून, मालकांच्या संमतीने जागा दुसऱ्याच्या नावावर झाली. हुकूम कधी लागूच झाला नाही.

म्हणजे भांडण संपलं होतं. सुपरमार्केट गेलं, नवा भाडेकरू आला. तरी प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टात गेलं आणि २१ मे १९९७ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने निकाल उलटवला. लॉर्ड हॉफमन यांनी त्यात मोकळेपणाने लिहिलं आहे, की हे अपील मुख्यतः खर्चाबद्दल आहे. पण इतर दुकानांच्या भाडेकरारांसाठी मूळ प्रश्न महत्त्वाचा म्हणून तो तपासतोय. हे वाक्य मी दोनदा वाचलं. दुकान पुन्हा उघडायचा प्रश्नच उरलेला नाही आणि देशातलं सगळ्यात वरचं कोर्ट बसलंय ते वकिलांची बिलं कुणी भरायची यासाठी.

याचं कारण इंग्लंडच्या जुन्या नियमात आहे: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्चही भरायचा. सुरुवात झाली १२७८च्या ग्लॉस्टरच्या कायद्यात, पहिल्या एडवर्डच्या काळात. जिंकलेल्या फिर्यादीला दावा लावायचं सरकारी पत्र विकत घ्यायचा खर्च परत मिळू लागला आणि पुढे त्यात बाकीचा खर्चही धरला गेला. जिंकलेल्या प्रतिवादीला तसाच हक्क मिळायला सोळावं-सतरावं शतक उजाडलं. अमेरिकेने हा नियम घेतला नाही. १७९६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने वकिलांच्या फीचे १,६०० डॉलर वसूल करू द्यायला नकार दिला आणि तेव्हापासून तिथे साधारणपणे ज्याचा वकील त्याचा खिसा. इंग्लंडमध्ये मात्र वरच्या कोर्टात निकाल फिरला, की खालच्या कोर्टांतल्या खर्चाचं ओझंही या खांद्यावरून त्या खांद्यावर जाऊ शकतं. तीन कोर्टं म्हणजे तीन वेळचे बॅरिस्टर. त्या आकड्यासाठी पुन्हा भांडणं दोन्ही बाजूंना परवडत होतं, म्हणून ते झालं.

हॉफमन यांच्या कारणांतही खर्च आहेच. दुकान चालवायचा हुकूम दिला, तर ते नीट चालवलं की नाही यावर दोघे वारंवार कोर्टात येणार, त्यात पक्षकारांचा आणि न्यायव्यवस्थेचा पैसा जाणार. शिवाय मालकाच्या नुकसानीपेक्षा भाडेकरूचा तोटा कितीतरी मोठा होऊ शकतो आणि हुकूम हातात असलेला मालक त्याची किंमत वसूल करणार. तर्क पटतो. पण पुढे एक मुद्दा येतो, तिथे मी अडखळलो. सेंटरमधल्या इतर दुकानदारांवर परिणाम झाला असेल, पण अर्गाइलने त्यांना कुठलंच वचन दिलं नव्हतं. आणि अर्गाइल तिथे राहील अशी हमी मालकांनी त्यांना दिली होती, असंही कुणाचं म्हणणं नव्हतं. कायद्याने अगदी बरोबर. मामाचा गाळा नेमका त्या वाक्यात आहे. कुणी म्हणेल, त्याने तशी हमी लिहून घ्यायची होती. पहिल्या मजल्यावरच्या गाळेवाल्याला असं काही लिहून कोण देतं?

गंमत म्हणजे स्कॉटलंडचा कायदा वेगळा. तिथे २००० साली, त्याच सेफवेला, तशाच अटीसाठी, कोर्टाने दुकान चालू ठेवायचा हुकूम दिला.

इंग्लंडचा खर्चाचा नियम आपल्याकडे १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये आला. हरलेल्याकडून खर्च वसूल करायचा नसेल, तर न्यायाधीशाने कारण लिहायचं. कागदावर छान. प्रत्यक्षात मिळतो तो नियमांच्या तक्त्यातला खर्च आणि वकिलाच्या खऱ्या फीशी त्याचा संबंध फारसा नसतो. खोट्या दाव्यासाठी द्यायच्या भरपाईची मर्यादा १९७६ मध्ये ३,००० रुपये झाली. दिल्ली हायकोर्टाने एका प्रकरणात प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणून ४५,२८,००० रुपये द्यायला लावले होते. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आकडा रद्द करून नियमांनुसार खर्च आणि वर ३,००० रुपये एवढंच ठेवलं. त्याच निकालात हे नियम बदलायला हवेत असंही सांगितलं. २०१५च्या व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्याने व्यापारी वादांसाठी ती मर्यादा काढली आणि वकिलांची वाजवी फी खर्चात धरली. पण २०१८ पासून त्याचा उंबरठा आहे तीन लाखांचा.

मामाचे दोन लाख. त्याने ते सोडून दिले आणि आता तो कोथरूडला एका दुकानाच्या पुढच्या भागात काउंटर लावतो, महिन्याच्या बोलीवर. मी त्याला शेफील्डची सगळी गोष्ट सांगितली. तीन कोर्टं, हरणाऱ्याने भरायचा खर्च, स्कॉटलंड. त्याने एका गिऱ्हाईकाच्या फोनला काच चिकटवता चिकटवता ऐकली आणि म्हणाला, "त्या पत्राला उत्तर तरी द्यायचं होतं रे त्यांनी."